काट्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालू, पण रिमोटवर दिसत नाही: कन्सोल सेशनचा घोळ

दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू झाली की ही तक्रारही सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत अधूनमधून येतच राहते. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्याच्या खोलीत सर्व्हर असतो. वजनाचा प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या मॉनिटरवर चालू असतो. काटेवाला भरल्या गाडीचं वजन घेतो, गाडी खाली होऊन आली की पुन्हा घेतो, पावती काढतो. इकडे वणीहून, यवतमाळहून नाहीतर नागपूरहून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपने त्याच सर्व्हरवर शिरतो आणि त्याला कोरा डेस्कटॉप दिसतो. प्रोग्राम कुठेच नाही. मग तो आयकॉनवर डबल क्लिक करतो. एकतर 'प्रोग्राम आधीच सुरू आहे' असा निरोप येतो, नाहीतर प्रोग्राम उघडतो पण वजनाच्या जागी शून्य आणि 'कॉम १' पोर्ट उघडत नाही, 'अ‍ॅक्सेस डिनाइड'.

दुसरी तक्रार याच्या उलटी. शिरणाऱ्याला सगळं नीट दिसतं, वजनसुद्धा हलताना दिसतं, पण दोन मिनिटांत काट्यावरून फोन येतो: "भाऊ, इकडं स्क्रीन लॉक होऊन गेली, गाड्या रोडपर्यंत लागून ऱ्हायल्या. काय केलं तुमी?"

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. विंडोज सर्व्हरवर एकाच वेळी अनेक सेशन (एकेका लॉगिनची चालू कामं) असतात आणि प्रत्येकाचा डेस्कटॉप स्वतंत्र असतो. सर्व्हरला जोडलेल्या मॉनिटर-कीबोर्डवर चालतं ते कन्सोल सेशन. रिमोटने येणाऱ्याला विंडोज सहसा वेगळं, नवं सेशन काढून देतो. प्रोग्राम बंद पडलेला नसतो, तो शेजारच्या सेशनमध्ये असतो. आणि काट्याच्या इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) सिरियल केबल ज्या कॉम पोर्टला लागली आहे, तो पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. म्हणून दुसरी प्रत उघडून वजन कधीच येणार नाही, कितीही वेळा सर्व्हर रीस्टार्ट केला तरी. उलट रीस्टार्टने घोळ वाढतो. तो कसा, ते पुढे येतं.

(पुढच्या कमांड मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी पाहा, प्रोग्राम आहे कुठं

काहीही करण्याआधी सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'क्यूविनस्टा' द्या. स्पेलिंग क्यू, डब्ल्यू, आय, एन, एस, टी, ए. लांब नाव 'क्वेरी सेशन', काम तेच. साधारण असं दिसतं: सगळ्यात वर 'सर्व्हिसेस' (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम), आयडी ०. मग 'कन्सोल', आयडी १, समोर काट्याच्या युजरचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह'. मग तुमचं स्वतःचं 'आरडीपी-टीसीपी' आणि पुढे हॅशचा आकडा, आयडी २ किंवा ३, डाव्या टोकाला बाणाची खूण. ६५५३६ असा मोठा आयडी आणि 'लिसन' लिहिलेली ओळ दिसली तर घाबरू नका. ते सेशन नाही, नवीन जोडणीची वाट पाहणारा लिसनर आहे.

मग 'टास्कलिस्ट' द्या आणि वजनाच्या प्रोग्रामच्या ओळीत सेशनचा आकडा वाचा. किंवा टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या पानावर 'सेशन आयडी'चा कॉलम लावून घ्या, पण सगळ्या युजरच्या प्रोसेस दिसण्यासाठी तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असायला हवं. प्रोग्राम १ मध्ये आणि तुम्ही २ मध्ये, तर पहिली तक्रार. प्रोग्राम दोनदा दिसतो, एकदा १ मध्ये आणि एकदा ३ मध्ये, तर कोणीतरी आधी येऊन दुसरी प्रत उघडून गेला आहे. कन्सोलच्या ओळीत युजरचं नावच नाही आणि काट्याचा युजर खाली 'डिस्क' म्हणजे डिस्कनेक्टेड दिसतो, तर कोणीतरी रिमोटने ते सेशन ओढून घेतलं आणि खिडकी नुसती बंद करून निघून गेला. ही दुसरी तक्रार. या दोन कमांडला मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक जण हे न पाहता थेट रीस्टार्टवर जातात.

'/कन्सोल' लावा, हा सल्ला जुना झाला

शोधलं की अजूनही उत्तर मिळतं: रनमध्ये 'एमएसटीएससी' (रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रामचं नाव) लिहून पुढे '/कन्सोल' लावा. हा सल्ला विंडोज सर्व्हर २००३ साठी बरोबर होता. तिथे काट्यासमोर बसलेल्या माणसाचं सेशन आणि विंडोजच्या सर्व्हिसेस दोन्ही शून्य नंबरच्या सेशनमध्ये चालत. '/कन्सोल' लावलं की रिमोटने थेट त्या शून्य नंबरमध्ये शिरता येई. शिवाय दोन रिमोट सेशन आणि वरून कन्सोल, अशी एकूण तीन जागांची सोय होती. म्हणून 'टर्मिनल सर्व्हरवर परवानगीपेक्षा जास्त जोडण्या झाल्या' असा निरोप आला की '/कन्सोल' हा मागचा दरवाजा कामी यायचा.

व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने शून्य नंबरचं सेशन फक्त सर्व्हिसेससाठी राखून ठेवलं. कारण सुरक्षेचं होतं. साध्या युजरचा प्रोग्राम आणि जास्त अधिकाराची सर्व्हिस एकाच डेस्कटॉपवर असल्या, की प्रोग्रामला सर्व्हिसच्या खिडकीला संदेश पाठवून तिचे अधिकार वापरता येत. आता काट्यासमोर बसणाऱ्याला सेशन १ किंवा त्यापुढचा नंबर मिळतो. त्याच सुमाराला, २००८ मध्ये आलेल्या रिमोट डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीत '/कन्सोल' काढून '/अ‍ॅडमिन' आणलं.

सगळा गोंधळ इथे आहे. नव्या क्लायंटमध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्राममध्ये, '/कन्सोल' लिहिलं तर एररसुद्धा येत नाही. तो शब्द गुपचूप गिळला जातो आणि तुम्हाला नेहमीसारखं नवं सेशन मिळतं. माणसाला वाटतं, आपण कन्सोलवर आलो. '/अ‍ॅडमिन'ही तुम्हाला मॉनिटरसमोरच्या सेशनमध्ये नेत नाही. त्याचा उपयोग वेगळा: सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा रोल (अनेकांना एकदम शिरू देणारी सोय) टाकला आहे, लायसन्सशिवाय चालायची १२० दिवसांची सवलत संपली, आणि 'लायसन्स सर्व्हर मिळत नाही' म्हणून आत घेत नाही, तेव्हा '/अ‍ॅडमिन'ने व्यवस्थापनासाठी शिरता येतं. २००८ पासून जागाही कमी झाली. रोल नसलेल्या सर्व्हरवर कन्सोल धरून एका वेळी दोनच अ‍ॅक्टिव्ह सेशन. काट्यावर एक माणूस बसलेलाच असतो, म्हणजे तुमच्यासाठी उरली एक जागा.

मार्ग पहिला: त्याच युजरने शिरा

काट्यावरचा माणूस ज्या नावाने लॉगिन आहे त्याच नावाने रिमोट करा. सर्व्हर २००८ पासून 'एका युजरला एकच सेशन' ही सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे नवं सेशन न काढता विंडोज त्याचं चालू सेशनच तुमच्याकडे आणून देतो. प्रोग्राम जसाच्या तसा. तो युजर 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात असायला हवा, हे विसरू नका. आणि सेटिंग कोणी बंद केली असेल तर ग्रुप पॉलिसीत 'रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट'च्या खाली 'कनेक्शन्स'मध्ये सापडते.

याची किंमत अशी, की सेशन तुमच्याकडे आलं की काट्यावरचा पडदा लॉक होतो. म्हणून आधी फोन करा आणि काट्यावर गाडी नसताना शिरा. अर्ध्या वजनावर सेशन ओढलं की प्रोग्रामला काही होत नाही, पण समोर उभा असलेला शेतकरी आणि काटेवाला, दोघांचा विश्वास जातो. काट्यावरचा पडदा अचानक काळा झाला की कोणालाही वाटतं, आत काहीतरी फिरवलं. ही शंका उगाच ओढवून घेऊ नये.

निघताना 'साइन आउट' कधीच करू नका. साइन आउट म्हणजे सेशन संपलं आणि प्रोग्रामही बंद. खिडकीची फुली दाबली तर सेशन डिस्कनेक्ट होऊन जिवंत राहतं, काटेवाल्याने पासवर्ड टाकला की त्याला ते परत मिळतं. पण पासवर्ड बहुतेक वेळा मुनीमजींना माहीत असतो आणि मुनीमजी जेवायला गेलेले असतात. त्यासाठी 'टीएसकॉन' आहे. रिमोट सेशनमध्येच कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि द्या: 'टीएसकॉन', जागा, सेशनचा आयडी, जागा, '/डेस्ट:कन्सोल'. तुमची जोडणी तुटते आणि काट्याचा पडदा पासवर्ड न विचारता उघडा होतो. ७०४५ नंबरचा एरर आला तर प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडलेला नाही, एवढंच. पडदा उघडा राहणार आहे, तेव्हा समोर काटेवाला बसलेला आहे ना, हे फोनवर विचारूनच कमांड द्या. ही कमांड शॉर्टकट करून ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, आयडी दर वेळी तोच असेल असं नाही.

या मार्गात आणखी दोन भानगडी आहेत. पहिली प्रिंटरची. रिमोट डेस्कटॉप तुमच्या घरचा प्रिंटर सर्व्हरच्या सेशनमध्ये आणतो आणि तोच डिफॉल्ट करून टाकतो. मग मारेगावच्या काट्याची पावती यवतमाळच्या तुमच्या प्रिंटरवर निघते आणि तिकडे काटेवाला कागद शोधत बसतो. जोडण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये प्रिंटर्सची खूण काढून टाका. दुसरी भानगड तिथेच, 'मोअर'मध्ये, पोर्ट्सच्या नावाने आहे. तिथे खूण असेल आणि तुमच्या संगणकालाही कॉम १ असेल, तर सेशनमध्ये 'कॉम १' म्हणजे तुमच्या घरचा पोर्ट होतो, काट्याचा नाही. प्रोग्राम पोर्ट पुन्हा उघडायला गेला की वजन येणं बंद. केबल, इंडिकेटर, कन्व्हर्टर सगळं तपासून होतं आणि खोट निघते ती या एका खुणेत.

मार्ग दुसरा: शॅडो

सर्व्हर २०१२ आर२ किंवा त्यापुढचा असेल तर मी हाच वापरतो. यात सेशन ओढून न घेता दोघांना एकच पडदा दिसतो. काटेवाल्याचं काम चालू राहतं आणि तुम्ही माउस हलवला तर त्यालाही हलताना दिसतो. सुविधा जुनीच होती, सर्व्हर २०१२ मध्ये काढून टाकली होती आणि २०१२ आर२ मध्ये परत आली. परत आल्यावर कन्सोल सेशनवरही चालते.

आपल्या अ‍ॅडमिन युजरने नेहमीसारखं रिमोट करून सर्व्हरवर शिरा. 'क्यूविनस्टा'ने कन्सोलचा आयडी पाहा. मग सर्व्हरच्याच आत द्या: 'एमएसटीएससी /शॅडो:१ /कंट्रोल'. एकच्या जागी जो आयडी असेल तो. काट्याच्या पडद्यावर परवानगीचा प्रश्न येतो, काटेवाला 'येस' करतो, झालं. नुसतं पाहायचं असेल तर '/कंट्रोल' लावू नका.

थेट घरून '/व्ही' (पुढे सर्व्हरचा पत्ता) लावून शॅडो करायला गेलं तर बरेचदा अडतं, कारण शॅडोला रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा ३३८९ पोर्ट पुरत नाही. तो ४४५ आणि वरचे बदलते पोर्टही मागतो, फायरवॉलमध्ये 'रिमोट डेस्कटॉप - शॅडो' नावाचा वेगळा नियम लागतो. आधी आत शिरून मग शॅडो केलं की ही कटकट राहत नाही.

परवानगी न विचारता शिरायची पॉलिसीही आहे. 'रूल्स फॉर रिमोट कंट्रोल' असं नाव शोधा, तिच्यात 'युजरच्या परवानगीशिवाय पूर्ण नियंत्रण' हा पर्याय मिळतो, आणि मग कमांडला '/नोकन्सेंटप्रॉम्प्ट' लावता येतं. वजनाच्या काट्यावर मात्र मी ती लावत नाही, आणि शेठने सांगितलं तरी लावू नये असं माझं मत आहे. वजन घेतलं जात असताना दूरचा माणूस न विचारता त्या पडद्यावर आहे, हे उद्या वाद झाला तर कोणालाच निस्तरता येणार नाही.

शॅडोत पडद्याऐवजी थांबल्याच्या दोन उभ्या रेघा दिसल्या तर समजा समोरचा पडदा लॉक आहे किंवा तिथे अ‍ॅडमिन परवानगीचा प्रश्न उघडा आहे. काटेवाल्याला तेवढं मिटवायला सांगा, चित्र लगेच येतं.

२०१२ किंवा त्याआधीच्या मशीनवर कन्सोलचा नवा शॅडो नाही. तिथे टाइटव्हीएनसी किंवा एनीडेस्कसारखं साधन बरं, कारण ते मुळातच मॉनिटरवरचा पडदा दाखवतं. फक्त एक लक्षात असू द्या: कोणी आरडीपीने (रिमोट डेस्कटॉपने) काट्याचं सेशन ओढलेलं असेल तर त्या वेळी या साधनांत लॉगिनचा पडदाच दिसणार. 'व्हीएनसी बिघडलं' म्हणून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, 'क्यूविनस्टा' पाहा. आणि सर्व्हर २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये, २००८ चा जानेवारी २०२० मध्ये, २०१२ आर२ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे. असं मशीन इंटरनेटला उघडं असेल तर आधी ते बंद करा, बाकीचं नंतर.

पुन्हा पुन्हा का होतं: लाइन

एकदा निस्तरलं तरी आठवड्याभरात तेच होतं, याचं कारण बहुतेक ठिकाणी वीज आहे. लाइन जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, सर्व्हर बंद पडतो. लाइन येते, सर्व्हर सुरू होतो आणि लॉगिनच्या पडद्यावर थांबतो. काट्यावर कोणी लॉगिन करण्याआधीच सॉफ्टवेअरवाला किंवा हिशेबनीस रिमोटने शिरतो. प्रोग्राम 'ऑल युजर्स'च्या स्टार्टअपमध्ये टाकलेला असल्यामुळे तो त्याच्या सेशनमध्ये आपोआप उघडतो आणि कॉम पोर्ट पकडून बसतो. मग काटेवाला येऊन स्वतःच्या नावाने लॉगिन करतो, त्याच्याकडे दुसरी प्रत उघडते आणि वजन शून्य. रिमोटवाला फुली दाबून गेला असला तरी त्याचं डिस्कनेक्टेड सेशन आत जिवंत असतं, पोर्ट धरून.

तातडीचा इलाज: 'क्यूविनस्टा'ने त्या डिस्कनेक्टेड सेशनचा आयडी पाहून 'लॉगऑफ' आणि तो आयडी. आयडी दोनदा वाचा. चुकून कन्सोलचा दिला तर चालू वजन जाईल.

कायमचा इलाज तीन ठिकाणी करावा लागतो. प्रोग्राम सगळ्यांच्या स्टार्टअपमधून काढून फक्त काट्याच्या युजरच्या स्टार्टअपमध्ये टाका. काट्याच्या युजरला सर्व्हर सुरू होताच कन्सोलवर आपोआप लॉगिन करू द्या. त्यासाठी सिसइंटर्नल्सचं 'ऑटोलॉगऑन' वापरा, रजिस्ट्रीत हाताने पासवर्ड लिहिला तर तो उघडा वाचता येतो. हे मात्र काट्याची खोली कुलूपबंद राहत असेल तरच, आणि तो युजर अ‍ॅडमिन नको. तिसरं, रिमोटने येणाऱ्या सपोर्ट युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सेशन्स'च्या पानावर डिस्कनेक्टेड सेशन तासाभरात संपेल असं ठेवा. ही मुदत सगळ्या मशीनला लावू नका, नाहीतर काट्याचं सेशन डिस्कनेक्ट राहिलं त्या दिवशी तेही मरेल.

'प्रोग्रामची सर्व्हिस करून टाका' असाही सल्ला मिळतो. खिडकी असलेल्या प्रोग्रामला तो लागू नाही. सर्व्हिस शून्य नंबरच्या सेशनमध्ये जाते आणि तिची खिडकी कोणालाच दिसत नाही.

काही उरलेल्या गोष्टी

जुन्या काही सॉफ्टवेअरची यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी) रिमोट सेशनमध्ये ओळखली जात नाही. प्रोग्राम विंडोजला विचारतो, 'हे रिमोट सेशन आहे का?', उत्तर 'हो' आलं की चालायला नकार देतो. डोंगल खराब नसते. तिथे कन्सोल दाखवणारं साधन किंवा शॅडो, एवढेच मार्ग.

लहान जिनिंगमध्ये 'सर्व्हर' म्हणतात ते विंडोज १० किंवा ११ प्रो असतं. तिथे एका वेळी एकच माणूस. तुम्ही दुसऱ्या नावाने आलात की काटेवाल्याला 'दुसऱ्याला येऊ द्यायचं का' असं विचारतं, आणि त्याने उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळात त्याला बाहेर काढून तुम्हाला आत घेतं. होम आवृत्तीवर तर रिमोट डेस्कटॉपने शिरताच येत नाही. अनेक सेशन देणारे पॅच फिरत असतात. ते लायसन्सबाहेरचे आहेत आणि विंडोजच्या एका अपडेटने बंद पडतात, तेही नेमके आवक जोरात असताना.

राउटरवर ३३८९ सरळ बाहेर उघडून ठेवलेला दिसला तर बंद करा. २०१९ मधली 'ब्लूकीप' ही खोट लॉगिनशिवाय आत शिरू देणारी होती आणि ती २००३, २००८ आणि २००८ आर२ या सर्व्हरांवर होती, म्हणजे नेमक्या आपल्याकडे अजून चालणाऱ्या मशीनवर. मोबाइल सिमवरच्या इंटरनेटला बाहेरून थेट पत्ता बहुतेक मिळतही नाही, त्यामुळे तिथे पोर्ट उघडून काही साधत नाही. वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, बंद वाट) टाका आणि त्याच्या आतूनच रिमोट करा. सिमच्या नेटवर आरडीपी अडखळत असेल तर 'एक्सपीरियन्स'मध्ये वॉलपेपर आणि अ‍ॅनिमेशन बंद करा, रंग १६ बिटवर आणा. तालुक्याबाहेरच्या टॉवरवरही काम होण्याइतकं चालतं.

आणि यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर असेल तर तो नेहमी त्याच यूएसबी भोकात लावायला सांगा, भोकाशेजारी पेनने खूण करून ठेवा. जागा बदलली की बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांना विंडोज नवा कॉम नंबर देतो, आणि मग तुम्ही सगळी सेशन तपासून दमता तरी वजन शून्यच राहतं.